न विचारता टाकलेला गाळ

ता. कुरखेडा, जि. गडचिरोली
१८ एप्रिल २०२३

चि. शालिकरामास,
तुझ्या बाईचा, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

फोनवर तुले काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तुले कमी ऐकू येते म्हणून मी ओरडते, मी ओरडते म्हणून तू चिडतो, अन् तू चिडला का टॉवर जाते. म्हणून कागद घेतला. बचत गटाचं रजिस्टर लिहून लिहून माझं अक्षर आता तुझ्याहून बरं झालं आहे, म्हणून वाचता येत नाई असं म्हणू नोको.

काल तू जे सांगतलं थे मले इतकंच समजलं: सुगंधाच्या वडिलांची दीड एकर जमीन तुमच्या खाडीच्या काठाले आहे. दोन वर्षांआधी उधाण आलं, खाडीचा बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं, अन् तेव्हापासून जमीन पडीत. बरोबर? अन् या दोन वर्षांत तुम्ही नवरा-बायकोनं काय केलं, तर पावसाची वाट पाह्यली. पावसानं मीठ धुऊन निघते म्हणते सुगंधा. अरे, जमीन का लुगडं आहे धुवायले?

तू ढिवराचा पोरगा. तलावावर जन्मला. आपला बाप वैशाखात तलाव आटला का गावात सगळ्यांच्या आधी बंडी जुंपायचा. एकरी चाळीस बंड्या गाळ, अन् त्यावर तीन वर्षं पाहायचं काम नाई. हे तुले मी सांगा लागते का? तुमच्या खाडीत कंबरभर गाळ आहे म्हणतो, काळा, लोण्यासारखा, अन् फुकटचा. मंग हात बांधून काऊन बसला? गाळ टाक.

इथी अमरच्या डोक्यात जेसीबी शिरला आहे. आपल्या धानाच्या चार बांध्या मधले धुरे मोडून एक करा म्हणते, म्हणजे ट्रॅक्टर वळते. मी म्हणलं, वरच्या दोन तुझ्या मामाच्या हिश्श्याच्या आहेत, तू गप बस. पोरगं चाळिशीले आलं, गप बसत नाई.

गावाले कधी येतो? बावीस वर्षं झाले तिकडे जाऊन. दोघंच तर आहा तुम्ही, इथी येऊन राहाले काय होते? तुझ्या बांध्या तशाच आहेत.

तुझी,
देवकाबाई

०

खाडीकाठ, जि. रायगड
२२ मे २०२३

ती. बाईस,
शालिकरामचा नमस्कार.

तुझं पत्र भेटलं. शिव्या सोडल्या तर बाकी बरोबर होतं. गाळाची गोठ माझ्या डोक्यात बावीस वर्षं कशी आली नाई याचंच नवल वाटलं. पंधरा वर्षं मी कोळंबीच्या तळ्यावर राखण केली, रोज हाच गाळ पायानं तुडवला, अन् एकदाबी वाटलं नाई का हे सोनं आहे. आता तळे बंद पडले, मी रिकामा, तर म्हणलं हेच करू.

सुगंधाले विचारलं असतं तर ती नाईच म्हणली असती. तिचं एकच पालुपद: दोन पावसाळे मीठ धुतलं, आता या तिसऱ्या पावसाळ्यात रता पेरायचा. रता म्हणजे इथला लाल धान. इथले लोक धानालेबी भात म्हणतात अन् शिजवल्यावरबी भातच म्हणतात, यांच्याशी काय बोलावं. तर ती आठ दिवस तिच्या बहिणीकडे गेली अन् मी ट्रॅक्टरवाला ठरवला. ओहोटीले खाडी उघडी पडते, तेव्हा चार माणसं लावून गाळ काढला. साठ ट्रॉल्या टाकल्या, बाई. आपल्या बापानं एका वर्षात एवढा नसन टाकला. शेत असं काळंभोर दिसून राह्यलं का मले घरचीच आठवण आली.

तिचा काका बांधावर येऊन उभा राह्यला. म्हणे, "जावई, हे काय मांडलंत?" मी म्हणलं, "झाडीपट्टीची खेती." तंबाखू थुकला अन् गेला.

सुगंधा काल आली. शेत पाह्यलं. हातातली पिशवी खाली ठेवली नाई, तशीच घरात गेली. रागावली आहे. अंगणवाडीत पोरांले शिकवते ना, तिले वाटते सगळं जगच बालवाडीत आहे. धान पिकला का बोलन आपोआप.

अमरले म्हणा, मामा येईपर्यंत धुऱ्यांले हात लावू नोको.

तुझा,
शालिकराम

०

ता. कुरखेडा
३० जुलै २०२३

चि. शालिकरामास आशीर्वाद.

धानाचा रोवणा आटोपला. कंबरेचे दोन तुकडे झाले, गुडघे तर आधीच गेले होते. पण तू गाळ टाकला हे वाचून जीव थंडा झाला. बावीस वर्षांत पह्यल्यांदा बहिणीचं ऐकलं. तुझ्या त्या चुलत सासऱ्याले म्हणा, तंबाखू थुकाले दिवाळीत ये, तेव्हा लोंब्या दाखवतो.

इथी सगळं ठीक आहे. अमरनं बांध्या थोड्या सारख्या केल्या, ट्रॅक्टर आता नीट वळते. पाऊस बरा आहे.

आपल्याले मात्र या वर्षी गाळ भेटला नाई. रस्त्याच्या कामावाल्याच्या गाड्या उन्हाळाभर तलावात लागल्या होत्या, सगळा गाळ भरावाले नेला. मी सरपंचाले म्हणलं, आमच्या शेताचा गाळ रस्त्याखाली काऊन घालता? तर म्हणते, बाई, तलाव खोल होऊन राह्यला ना, तुम्हाले मासोळ्या जास्त भेटतीन. मी म्हणलं, मंग धानाच्या जागी मासोळ्याच रोवतो. हसला. हसण्याची गोठ होती का थे? आधी दर वर्षी गाळ, शेणखत. आता गाळ रस्त्यावाल्याले, बैल बाजारात, अन् शेतात नुसता युरिया. जमीन अशी कडक झाली आहे का रोवताना अंगठा मुडपते.

तुझा धान कसा आहे थे लिही. सुगंधा बोलली का?

तुझी,
देवकाबाई

०

खाडीकाठ
१२ सप्टेंबर २०२३

बाईस,

तुझ्या गाळानं माझं घर बुडवलं. नमस्कार-चमत्कार मांगून करू, आधी हे वाच.

जुलैत पाऊस होता तोवर शेत हिरवंगार होतं. मी सुगंधाले रोज म्हणायचो, पाह्य, पाह्य. मंग ऑगस्टात पाऊस गेला. वीस दिवस थेंब नाई. जमीन तापली, खालची ओल वर चढाले लागली, अन् तिच्यासंगं मीठ वर आलं. एक दिवस सकाळी शेतात गेलो तर सगळं पांढरं. मले वाटलं कोणी जळून चुना टाकला का काय. बोटानं उचलून जिभेले लावलं. मंग मी धुऱ्यावर बसलोच. आठ दिवसांत शेंडे करपले, पंधरा दिवसांत सारा धान गवतासारखा वाळला.

कृषी सहाय्यकानं माती नेऊन तपासली. मले म्हणे, "काका, कोणी सांगितलं होतं?" मी म्हणलं, माझ्या बहिणीनं. तो म्हणे, त्या कुठल्या? मी म्हणलं, गडचिरोलीच्या. तर माणूस कपाळाले हात लावून हसला.

आता समजून घे. आपल्या तलावाचा गाळ रानातला पाला कुजून येते, गोड असते. खाडीच्या गाळात दर भरतीचं मीठ मुरलेलं असते, वर्षांमागून वर्षं. दिसाले सारखा, बोटाले लागते सारखा, अन् आतून जहर. इथले लोक पावसाचं गोडं पाणी शेतात अडवतात, मीठ त्यात उतरू देतात, अन् ओहोटी लागली का बांधातली उघाडी, म्हणजे पाणी सोडायची मोरी, तिच्या फळ्या काढून थे पाणी खाडीत सोडून देतात. पुन्हा अडवतात, पुन्हा सोडतात. तीन पावसाळे. सुगंधानं दोन पावसाळे अंगणवाडीतून आल्यावर रोज हेच केलं. मी खाटेवर पडून म्हणायचो, काय टाइमपास लावला आहे. दोन वर्षांत तिनं जेवढं मीठ काढलं थे मी आठ दिवसांत भरून टाकलं, वरून भाडं देऊन. आता गाळ खरवडा, अन् पह्यल्यापासून तीन वर्षं मोजा, असं तो साहेब म्हणते.

अन् बांध काऊन फुटला होता माहीत आहे? आधी सारा गाव मिळून बांध घालायचा, खेकड्यांची बिळं बुजवायचा. मंग बांध सरकारचा झाला, तेव्हापासून बिळंबी सरकारचीच झाली. त्यात आमच्या कोळंबीच्या तळ्याचं खारं पाणी मांगून पाझरायचं. म्हणजे पंधरा वर्षं मी पगार घेऊन माझ्याच सासऱ्याच्या जमिनीवर मीठ राखलं. हे मले आता या वयात समजून राह्यलं.

सुगंधा बोलत नाई. भांडत नाई, रडत नाई. ताट वाढते, पाणी ठेवते, अन् माझ्या मांगच्या भिंतीकडे पाह्यते. तिचा बाप मरताना म्हणला होता, ही जमीन पडीत ठेवू नोको. गावातले लोक आता मले रस्त्यात पाहून पोरांले सांगतात, हेच थे गाळवाले.

इथी माझं काय आहे? जमीन तिची, घर तिचं. मी गावाले येतो. माझ्या वरच्या दोन बांध्या आहेत, त्या करीन अन् पडून राहीन. दिवाळीच्या आसपास निघतो.

शालिकराम

०

ता. कुरखेडा
६ ऑक्टोबर २०२३

चि. शालिकरामास,

तुझं पत्र वाचून चार दिवस पेन हातात घेतलं नाई. घेतलं असतं तर कागद फाटला असता.

मी गाळ टाक म्हणलं. म्हणलंच. पण मी समुद्र पाह्यला आहे का? मी चांद्याच्या पलीकडे गेली नाई. तू तिथी बावीस वर्षं खाडीचं पाणी नाकातोंडात घालून राह्यला, अन् गाळ खारा असते हे तुले माहीत नाई, मले माहीत पाह्यजे होतं? बाईनं सांगतलं म्हणून केलं म्हणतो. बाईनं सांगतलं होतं शाळा सोडू नोको, थे ऐकलं? बाईनं सांगतलं होतं दारू सोड, थे ऐकाले तुले अकरा वर्षं लागले. जे ऐकू नये थेच बरं लवकर ऐकलं.

अन् बायको घरी नसताना तिच्या बापाच्या जमिनीत साठ ट्रॉल्या ओतायच्या, हे तर मी सांगतलं नव्हतं.

येण्याचं म्हणशील तर आता येऊ नोको. हत्तींचा कळप आला आहे, धान तुडवून राह्यला, सारा गाव टिना वाजवत फिरते. घराच्या मांगच्या खोलीचे कवेलू काढले आहेत, तुले निजवू कुठी? अमरचं डोकंबी ठिकाणावर नाई. वरच्या बांध्यांत या वर्षी असंही काही खास नाई, पाऊस वेळेवर आला नाई. होळी झाली का ये. तोवर सुगंधाले सोडून हलू नोको. मुकी झालेली बायको घरात एकटी ठेवून येणं शोभते का?

देवकाबाई

०

खाडीकाठ
२६ ऑक्टोबर २०२३

बाईस,

बावीस वर्षं तू म्हणून राह्यली, ये ये ये. आता मी येतो म्हणलो तर मधात हत्ती आला, कवेलू आले, अमरचं डोकं आलं. मी बहिरा आहे, येडा नाई.

जुलैत पाऊस बरा होता असं तुझ्याच हातानं लिहिलं आहे, पत्र माझ्यापाशी आहे. आता म्हणते पाऊस वेळेवर आला नाई. तुम्ही लोकांनी माझा हिस्सा गिळला, हे सरळ काऊन सांगत नाई? अमरच्या नावानं फेरफार करून घेतला का? बापानं मरताना दोघांचे हात धुऱ्यावर ठेवून सांगतलं होतं, वरच्या शालिकच्या, खालच्या देवकाच्या. तेव्हा तू रडली होती. मले वाटलं बापासाठी रडून राह्यली.

इथी बायकोनं टाकलं, तिथी बहिणीनं. बरं आहे. भाऊबीजेले येतो. ओवाळून घ्यायले नाई, वाटणी घ्यायले. तलाठ्याकडून सातबारा काढून ठेवजो, नाई तर मी काढतो.

शालिकराम

०

ता. कुरखेडा
८ नोव्हेंबर २०२३

शालिक,

मी बापासाठीच रडली होती. थे शब्द तू परत घेशील तेव्हा घे, पण लिहून ठेवते का मले लागले.

आता ऐक. हिस्सा गिळला म्हणला ना? गिळला. सातबाऱ्यावर नाई, तिथी तुझं नाव तसंच आहे. खरोखरचा गिळला, मातीसकट.

मे महिन्यात अमरनं जेसीबी आणला. मी नाई नाई म्हणत होती, अन् मंग एक दिवस हो म्हणलं. माझ्या गुडघ्यांनी हो म्हणलं. चार बांध्यांचे धुरे चढता-उतरता मले रडू येत होतं, ट्रॅक्टर कोणी आणत नव्हतं, बैल नव्हते. मशीनवाला म्हणला, एक दिवसात सपाट करून देतो. तुले फोन करते म्हणलं अन् केला नाई. तू नाई म्हणशील, हे मले माहीत होतं, म्हणूनच केला नाई.

वरचा भाग खरवडून खाली लोटल्याशिवाय सपाट होत नाई, एवढं आम्हाले समजाले पाह्यजे होतं. तुझ्या वरच्या दोन बांध्यांची हातभर काळी माती, बापानं तीस वर्षं गाळ टाकून केलेली, थे सगळी मशीननं लोटली अन् माझ्या खालच्या बांध्यांत नेऊन ओतली. वर राह्यला लाल मुरूम. एका दिवसात. संध्याकाळी अमर खुश होता, मीबी चहा पाजला मशीनवाल्याले.

आता वर पाणी थांबत नाई, धान हळदीसारखा पिवळा. खाली माती एवढी झाली का धान माजला अन् लोळला, दाणा भरलाच नाई. म्हणजे तुझं तर गेलंच, माझंबी हाती लागलं नाई. अमर आता त्या बाजूनं जात नाई. मी रोज जाते अन् पाहून येते.

आपल्याकडचा सहाय्यक म्हणते, वरच्या मुरमाले पुन्हा जमीन व्हायले तीन-चार वर्षं लागतीन, शेणखत, हिरवळीचं खत, तलावाचा गाळ. गाळ तर रस्त्याखाली गेला.

मी हत्तीचं लिहिलं थे खोटं नाई, हत्ती आले होते, पण दुसऱ्या गावाले. मले तोंड दाखवाची हिंमत नव्हती म्हणून लिहिलं. ये. आता ये. जे बोलायचं थे समोर उभा राहून बोल, मी ऐकून घेईन. मधात तोंड घालणार नाई, हे मात्र लिहून देत नाई.

बाई

०

खाडीकाठ, जि. रायगड
१८ नोव्हेंबर २०२३

ती. बाईंना,
सुगंधाचा नमस्कार.

तुमचं ८ तारखेचं पत्र आलं त्याच्या चार दिवस आधीच हे इथून निघाले. माझ्या हातात पडलं, मी फोडलं. दुसऱ्याचं पत्र फोडणं वाईट हे मी रोज पोरांना सांगते. पण या घरात आणि तुमच्या घरात एवढ्या गोष्टी न विचारता झाल्या आहेत की एक माझीही चालून जाईल. तुमची मागचीही सगळी पत्रं मग बसून वाचली.

वाचून झाल्यावर मला आधी हसू आलं आणि मग इतका संताप आला की मी उठून भांडी घासली. तुम्ही बहीण-भाऊ एकाच मातीचे. ह्यांनी माझ्या जमिनीत मला न विचारता गाळ ओतला, तुम्ही ह्यांच्या जमिनीतली माती ह्यांना न विचारता काढून नेली. दोघांचंही मन चांगलं, हे मला कुणी सांगायला नको. चांगल्या मनाच्या माणसांनीच माझं दीड एकर घालवलं.

मी ह्यांच्याशी बोलत नव्हते ते ह्यांनी तुम्हाला लिहिलेलं दिसतंय. का बोलत नव्हते ते ह्यांना कळलंच नाही. भात जळलं म्हणून नाही. आमच्याकडे बांध फुटतात, भात जातं, माणसं पुन्हा उभी राहतात. मी दोन वर्षं रोज उघाडीवर जात होते आणि माझ्या नवऱ्याला तो टाइमपास वाटत होता, हे मला त्या साठ ट्रॉल्यांनी सांगितलं. त्यावर काय बोलायचं?

मी ह्यांना जा म्हटलं नव्हतं. अडवलंही नाही. जाताना दारात उभे राहून म्हणाले, "येतो." मी काही म्हटलं नाही, ते आता मला टोचतंय.

ह्यांच्या कानाचं मशीन इथेच उशाशी राहिलंय. ते सोबतच्या पाकिटात पाठवते आहे. नाहीतर तुम्ही दोघं ओरडाल आणि सगळा गाव ऐकेल.

तुमची,
सुगंधा

०

ता. कुरखेडा
९ जानेवारी २०२४

सुगंधास,

पत्र लिहाची हिंमत व्हायले दीड महिना लागला. कानाचं मशीन भेटलं. थे लावून पह्यली गोठ ऐकली थे तुझं पत्र. बाईनं वाचून दाखवलं. मी ऐकू आलं नाई म्हणलो, तर तिनं पुन्हा वाचलं. ऐकू तर पह्यल्याच वेळी आलं होतं.

इथचं सांगतो. भाऊबीजेच्या दिवशी मी सरळ शेतात गेलो, घरी नाई. येता येता रस्त्यात सारं ठरवून ठेवलं होतं काय काय बोलायचं. वरच्या बांधीत उभा राह्यलो तर पायाखाली मुरूम कचकचला अन् ठरवलेलं एकबी आठवलं नाई. बाई मांगून आली. मी ओरडीन म्हणून ती आधीच ओरडाले लागली. मंग मी ओरडलो. अमर मधात पडला, तर आम्ही दोघं त्याच्यावर ओरडलो. मंग तिनं तिथीच शेतात ओवाळलं, ताट पदराखाली लपवून आणलं होतं.

एक महिन्यापासून आम्ही माती वर नेऊन राह्यलो. मशीनवाला म्हणे मी अर्ध्या दिवसात करून देतो. अमरनं त्याले हात जोडले. टोपल्यानं नेतो, बैलबंडी एका शेजाऱ्याची भेटली आहे. बाई धुऱ्यावर बसून हिशेब ठेवते, म्हणते एवढी नोको नेऊ, यातली वीतभर माझीबी होती. माझी किती अन् तिची किती हे आता देवालेबी सांगता येणार नाई, पण ती टोपलं अडवतेच. काल तिच्यावर एवढा चिडलो का टोपलं फेकून घरी आलो. जेवून पुन्हा गेलो. वरची एक बांधी वीतभर झाकली आहे. पाऊस लागाच्या आधी धुरे पुन्हा घालू अन् त्यात हिरवळीचं खत पेरू. धानाचं पुढच्या पुढे.

तू लिहिलं थे खरं आहे. मी तुले उघाडीवर जाताना रोज पाह्यलं अन् एकदाबी विचारलं नाई का काय करून राह्यली. विचारलं असतं तर तू सांगतलं असतं, दोन वर्षं रोज सांगतलं असतं. पंधरा वर्षं मी तुमच्या गावच्या पाण्यावर राखण केली अन् पाणी काय करते हे तुले कधी विचारलं नाई, कारण मी ढिवर, मले पाण्याचं कोण सांगणार. इथी माती वाहताना रोज हेच डोक्यात येते. लाज वाटते. बाईले सांगतलं तर म्हणते, वाटूच दे.

गाळ उन्हाळ्यातच खरवडा लागन, पाऊस लागला का मीठ पुन्हा खाली उतरन. साठ ट्रॉल्या टाकल्या, साठ काढीन, ट्रॅक्टर नाई, हातानं. तुझ्या काकाले लागते तेवढा तंबाखू थुकू दे. पण आधी विचारतो: तुझ्या शेतात मी पाय ठेवू का? नाई म्हणशील तर मी समजीन. इथी राहीन, बाईच्या शिव्या खाईन, तुले त्रास देणार नाई. हो म्हणशील तर काय करायचं अन् काय नाई करायचं थे तू सांग, मी तेवढंच करीन.

शालिकराम

०

खाडीकाठ, जि. रायगड
२ फेब्रुवारी २०२४

श्री. शालिकराम यांना,

पत्र मिळालं. मी काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "माणूस मातीतला आहे, फक्त चुकीच्या मातीतला." त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ झालं.

आपल्या उघाडीच्या फळ्या कुजल्या आहेत. मागच्या उधाणाला खालच्या दोन फळ्यांमधून पाणी आत आलं. त्या बदलल्याशिवाय गाळ काढून काही उपयोग नाही. इथे आंब्याच्या फळ्या मिळतात, वर्षभरात खेकडे खातात. तुमच्याकडच्या सागाचं कौतुक मी बावीस वर्षं ऐकते आहे, तर आता आणून दाखवा. लांबी साडेतीन फूट, रुंदी नऊ इंच, जाडी दोन इंच, नग सहा. वनखात्याचा परवाना काढून आणा. कुणाच्या ट्रकमध्ये लपवून, कुणाला न सांगता आणलंत तर मी फळ्या दारातूनच परत पाठवीन, तुमच्यासकट.

तुमच्या वरच्या बांध्यांचं काम अर्धवट सोडून येऊ नका. मार्च संपेपर्यंत पोचलात तरी आपल्याला दोन महिने मिळतात. गाळ बांधाच्या बाहेरच्या अंगाला टाकायचा, खाडीकडे. आतल्या बाजूला एक घमेलंही नाही. पाऊस सुरू झाला की उघाडीवर मी एकटी जाणार नाही, तुम्हीही यायचं. भरती-ओहोटीच्या वेळा मी वहीत लिहून ठेवते, त्या पाठ करायच्या. यंदा पेरायचं नाही, पुढच्या वर्षीही नाही.

बाईंना नमस्कार सांगा. त्यांच्या गुडघ्यांना लावायचं तेल सोबत पाठवते आहे.

बाकी मला जे बोलायचं आहे ते पत्रात मावणार नाही. फळ्या उतरवून घेतल्या की बोलते.

सुगंधा